हिब्रूतलं ‘नाता’ म्हणजे झाड लावणे: नून जातो कुठे, आणि ‘दिलं’शी होणारा गोंधळ कसा सोडवायचा?

अंजीरवाडी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा सातआठ जणांचा हिब्रू शिकणारा गट आहे. अक्षरं, स्वरखुणांशिवायचं साधं वाचन आणि सरळ क्रियापदांचा भूतकाळ एवढं झालं आहे. येत्या पावसाळ्यात आम्ही १५ झाडं लावणार आहोत (अंजीर, डाळिंब, थोडी जांभळं) आणि तिथे मराठी-हिब्रू अशी पाटी उभी करायची आहे. म्हणून ‘झाड लावणे’ हे क्रियापद मुळापासून शिकायला घेतलं. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, कोशात धातू नून-तेत-आयिन असा दिला आहे, पण भविष्यकाळात ‘एता’, ‘यिता’ अशी रूपं दिसतात. नून कुठे गेला?
दुसरं, ‘नाताति’ म्हणजे ‘मी लावलं’ आणि ‘नाताति’ म्हणजेच ‘मी दिलं’. हे खरंच सारखं आहे की आमचं ऐकणं चुकतंय?
तिसरं, ‘लावायला’ या अर्थी एका ठिकाणी ‘लाताअत’ आहे, दुसरीकडे ‘लिन्तोआ’. बरोबर कोणतं?
चौथं, पाटीवर ‘आम्ही पुण्यात १५ झाडं लावली’ हे कसं लिहायचं? गटातल्या एकांनी ‘शातालनू’ सुचवलं आहे, दुसऱ्यांनी ‘नातानू’.

रूपं पाठ करायची आमची तयारी आहे. फक्त का ते कळलं तर पाठांतर टिकेल.

---

धातुपाठ

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो. देवनागरीत लिहिताना आयिनच्या जागी ’ ही खूण करतो. आजच्या बोलण्यात आयिन बहुतेकांच्या तोंडी ऐकू येत नाही, पण लिहिण्यात तो हवाच, आणि या क्रियापदाचा निम्मा स्वभाव त्याच्यामुळे ठरतो.

नूनचं आधी. भूतकाळात ‘नाता’’ म्हणताना नूनला स्वतःचा स्वर आहे, म्हणून तो सुखरूप राहतो. भविष्यकाळात पुढे ‘यि’ लागला की नून स्वराविना उरतो: यि-न्-ता’. असा उघडा पडलेला नून पुढच्या व्यंजनात विरघळतो आणि ते व्यंजन दुहेरी होतं: यित्ता’. आधुनिक बोलीत दुहेरी उच्चारही गेला, राहिलं ‘यिता’’. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. सप्तचं सत्त झालं आणि सत्तचं सात, दुग्धचं दुद्ध आणि मग दूध. आधी शेजारच्या व्यंजनात मिसळणं, मग जोडाक्षर सैल होणं. तोच रस्ता. फरक इतकाच की मराठीत मागचा स्वर लांबला, हिब्रूत तसं झालं नाही.

व्याकरणात या गटाला पे-नून म्हणतात, म्हणजे ज्यांचं पहिलं अक्षर नून आहे ते धातू. ‘नाफाल’ (पडला) चं ‘यिपोल’, ‘नासा’’ (प्रवासाला गेला) चं ‘यिसा’’, ‘नातान’ (दिलं) चं ‘यितेन’. मात्र दुसरं अक्षर घशातलं असेल तर नून बहुधा टिकतो: ‘नाहाग’ (वाहन चालवलं) चं ‘यिन्हाग’. त्यामुळे ‘नून नेहमी पडतो’ असा नियम वहीत लिहू नका. स्वर गेला, आणि पुढे दुहेरी होऊ शकणारं व्यंजन असलं, की पडतो.

आता शेवटचा आयिन. ‘यिपोल’मध्ये ‘ओ’ आहे, मग ‘यितो’’ का नाही? कारण शब्दाच्या शेवटी आलेल्या आयिनला आपल्या आधी ‘आ’ आवडतो. म्हणून ‘यिता’’. वर्तमानकाळातही तेच दिसतं. पुल्लिंगी रूप ‘नोते’आ’, यातला शेवटचा ‘आ’ आयिनच्या आधी उच्चारायचा, नंतर नाही. ‘ए’, ‘ओ’, ‘ऊ’ यांच्यापाठोपाठ शेवटी आयिन आला की तोंड उघडायला एक चोरटा ‘आ’ घुसतो. स्त्रीलिंगी ‘नोता’अत’. ‘नोतेनेत’ (देते) सारखा ए-ए साचा इथे आ-आ होतो, पुन्हा आयिनमुळेच.

भूतकाळ: मी नाता’ति, तू (पु.) नाता’ता, तू (स्त्री.) नाता’अत, तो नाता’, ती नात’आ, आम्ही नाता’नू, तुम्ही नाता’तेम, ते-त्या नात’ऊ. ‘तुम्ही’चं काटेकोर रूप नेता’तेम, बोलताना नाता’तेम.
वर्तमान: नोते’आ, नोता’अत, नोत’ईम, नोत’ओत.
भविष्य: मी एता’, तू (पु.) तिता’, तू (स्त्री.) तित’ई, तो यिता’, ती तिता’, आम्ही निता’, तुम्ही तित’ऊ, ते-त्या यित’ऊ.

दुसरा प्रश्न. तुमचं ऐकणं बरोबर आहे. ‘मी लावलं’ हे नून-तेत-आयिन-ताव-योद, ‘मी दिलं’ हे नून-ताव-ताव-योद. आजच्या हिब्रूत तेत आणि ताव दोन्ही ‘त’च, आयिन मुका, आघातही दोन्हीकडे मधल्या ‘ता’वर. म्हणून कानाला एकच. नाता’ता आणि नाताता, नाता’नू आणि नातानू यांचंही तसंच. पण जुळेपण तेवढ्यापुरतंच. ‘तो’ आला की नाता’ आणि नातान वेगळे, ‘ती’ आली की नात’आ आणि नात्ना वेगळे, वर्तमान आणि भविष्य तर पूर्ण निराळे. ‘तू (स्त्री.)’मध्येही नाता’अत आणि नातात असा बारीक फरक ऐकू येतो.

संदर्भानं ओळखायचं तर मागचापुढचा प्रत्यय पाहा. देण्याला घेणारा लागतो, त्याच्या आधी ‘ले’ येतो. लावण्याला जागा लागते, तिच्या आधी ‘बे’. ‘नाताति एत हा’एत्स लाशाखेन’ म्हणजे झाड शेजाऱ्याला दिलं. ‘नाता’ति एत हा’एत्स बाखात्सेर’ म्हणजे झाड अंगणात लावलं. ‘नाताति लाख एत्स’ हे वाक्य मात्र नुसतं ऐकून सुटत नाही: तुला झाड दिलं, किंवा तुझ्यासाठी झाड लावलं. तिथे लिहिलेलंच पाहावं लागतं.

त्यामुळे या क्रियापदाचा सराव तोंडी पुरत नाही, श्रुतलेखनानं करा. एकानं दहा वाक्यं वाचायची, पाच लावण्याची, पाच देण्याची, क्रम उलटसुलट. बाकीच्यांनी स्वरखुणांशिवाय हातानं लिहायची. तपासताना फक्त दोन गोष्टी बघायच्या: तेत की ताव, आणि आयिन आहे की नाही. मोबाइलवर किंवा संगणकावर हा सराव करू नका, तिथे पुढचं अक्षर सुचवलं जातं आणि चूक झाकली जाते.

---

लावणी_लागवड

चौथ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे शातालनू की नाता’नू.

मराठीत ‘लावणे’ सगळ्याला चालतं. दिवा लावतो, रांग लावतो, झाड लावतो, मिरचीची रोपं लावतो. म्हणून मराठी माणूस हिब्रूत एकच शब्द शोधतो आणि तिथे घसरतो. हिब्रूत तीन वाटा आहेत. ‘जारा’’ म्हणजे पेरणे, बी टाकणे. हा ‘जा’ जागेतला, जातीतला नव्हे. ‘शाताल’ म्हणजे रोप लावणे, एका जागचं उपटून दुसरीकडे खोचणे. आपली भाताची लावणी, वाफ्यातली टोमॅटोची रोपं, कुंडीतली फुलझाडं, सगळी इथे. आणि ‘नाता’’ म्हणजे झाड किंवा वेल कायमची रोवणे, जी वर्षानुवर्षं तिथेच उभी राहणार.

नामं पाहिली की हे पक्कं होतं. ‘शातिल’ म्हणजे रोप, ‘मिश्ताला’ म्हणजे रोपवाटिका. ‘माता’’ म्हणजे फळबाग, ‘नेता’’ म्हणजे लावलेलं झाड (मुलीचं नावही असतं), ‘नेती’आ’ म्हणजे वृक्षारोपण, ‘नेती’अत एत्सिम’ म्हणजे झाडांची लागवड. रोपवाटिकेतून ‘शातिल’ आणता, खड्ड्यात बसवलं की क्रिया होते ‘नाता’’. वाक्यातलं कर्म ‘शातिल’ असलं तरी झाड लावायचं असेल तर क्रियापद ‘नाता’’ चालतं.

‘शाताल’ ध्यानात ठेवायला एक पक्का दुवा आहे. त्याच धातूपासून ‘हाश्ताला’ हा शब्द निघतो, ‘हाश्तालात किल्या’ म्हणजे मूत्रपिंड प्रत्यारोपण. मराठीनंही अवयवासाठी ‘रोपण’च निवडलं. एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे रुजवणं, हा ‘शाताल’चा गाभा.

म्हणून पाटीवर ‘नाता’नू’. ‘शातालनू’ लिहिलंत तर कुणी वाचणार नाही असं नाही, लोक बोलताना झाडालाही शाताल म्हणतात. पण झाडाच्या पाटीवर योग्य शब्द नाता’.

आता या विषयात मराठी भाषकाची सर्वांत हमखास चूक. ती नूनची नाही, कर्त्याची आहे.

‘त्यानं वेल लावली. तिनं वेल लावली. त्यानं झाड लावलं. तिनं झाड लावलं.’ मराठी भूतकाळात क्रियापद लावणाऱ्याकडे पाहतच नाही, जे लावलं त्याच्याकडे पाहतं. हिब्रूत याच्या बरोबर उलट. ‘हू नाता’ गेफेन’, ‘ही नात’आ गेफेन’. गेफेन, म्हणजे द्राक्षवेल, स्त्रीलिंगी आहे, तरी पुरुषानं लावली तर ‘नाता’’च. ‘ही नात’आ रिमोन’, म्हणजे तिनं डाळिंब लावलं. रिमोन पुल्लिंगी, तरी क्रियापद स्त्रीलिंगी, कारण लावणारी ती आहे. मनात मराठी वाक्य जुळवून मग हिब्रूत नेलंत की ‘लावली’मधली ई हिब्रू क्रियापदाला चिकटते. ‘त्यानं’, ‘तिनं’ यातला ‘नं’ डोक्यातून काढून ‘तो’, ‘ती’ ठेवा आणि मग क्रियापद लावा.

बाकी काळांत मात्र मराठीच मदतीला येते. ‘मी लावतो, मी लावते’ असा भेद आपल्याकडे प्रथमपुरुषातही आहे आणि हिब्रूत जसाच्या तसा आहे: ‘आनी नोते’आ’, ‘आनी नोता’अत’. भविष्यात ‘मी लावीन’ला लिंग नाही, ‘एता’’लाही नाही. कर्त्याविना ‘पावसाळ्यात झाडं लावतात’ म्हणतो तसं हिब्रूतही नुसतं अनेकवचन: ‘बे’ओनात हागेशामिम नोत’ईम एत्सिम’.

सरावाला तुमचीच झाडं घ्या. ‘ते’एना’ (अंजीर) स्त्रीलिंगी, ‘रिमोन’ पुल्लिंगी, ‘गेफेन’ स्त्रीलिंगी. बायबलच्या अनुवाद ८:८ मध्ये इस्राएलच्या भूमीची सात पिकं सांगितली आहेत: गहू, जव, द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध (परंपरेनं खजुराचा). त्यातली अंजीर, डाळिंब आणि द्राक्षं पुणे जिल्ह्यात पिकतात, पुरंदरचं अंजीर तर घराघरात माहीत आहे. तीन झाडं, तीन कर्ते (हू, ही, अनाख्नू), तीन काळ, म्हणजे २७ वाक्यं. एवढी लिहून काढली की रूपं बसतात.

‘एत्स’चा उच्चार करताना ‘त’ आणि ‘स’ वेगळे पाडू नका. चमच्यातला, चाळीतला जो ‘च’ आहे तोच हा त्सादी. मराठीत तो आयता आहे, हिंदीतून शिकणाऱ्यांना मिळत नाही.

---

सरळबोली

तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: ‘लाता’अत’ हेच खरं रूप. ‘लिन्तो’आ’ हे अलीकडचं, बोलीतून घुसलेलं. शुद्ध हवं असेल तर टाळा.

---

कोहेलेत_वाचक

सरळबोली, इथे दुरुस्ती करावी लागेल. ‘लिन्तो’आ’ अलीकडचं नाही. यिर्मया १:१० मध्ये ‘लिव्नोत वेलिन्तो’आ’ असं स्पष्ट आहे, ‘बांधायला आणि लावायला’. १८:९ मध्ये पुन्हा तेच. आणि ‘लाता’अत’ उपदेशक ३:२ मध्ये: ‘एत लाता’अत वे’एत ला’अकोर नातू’आ’, म्हणजे लावायची एक वेळ आणि लावलेलं उपटायची एक वेळ. दोन्ही रूपं तानाखमधली (हिब्रू बायबलमधली) आहेत आणि दोन्ही आज चालतात. ‘लाता’अत’चा साचा माहीत असलेला बरा: पहिला नून गळतो, भरपाईला शेवटी ‘त’ येतो. ‘नागा’’ (स्पर्श केला) चं ‘लागा’अत’ तसंच. लेखी हिब्रूत ‘लाता’अत’ भारदस्त वाटतं, ‘लिन्तो’आ’ धातू उघड दाखवतं म्हणून नवशिक्याला सोपं.

उपदेशकातल्या त्या एका ओळीवर थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण हे क्रियापद शिकायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. ‘लाता’अत’ हे ‘लावायला’ आणि ‘नातू’आ’ हे ‘लावलेलं’, म्हणजे एकाच श्वासात करायची क्रिया आणि झालेली क्रिया. पहिल्या शब्दात नून नाही, शेवटच्या शब्दात तो परत आला आहे, कारण तिथे त्याला ‘ना’चा स्वर मिळाला. धातुपाठ यांनी सांगितलेला नियम डोळ्यांसमोर घडतो. आणि ‘एत’ जपून वाचा. हा आयिन-तावचा ‘एत’ आहे, अर्थ ‘वेळ’. आलेफ-तावचा ‘एत’ वेगळा. तो ‘ते झाड’, ‘ती वेल’ अशा ठराविक कर्माच्या आधी येतो आणि त्याचं भाषांतर करायचं नसतं. ‘नाता’ति एत्स’ म्हणजे एखादं झाड लावलं, ‘नाता’ति एत हा’एत्स’ म्हणजे ते झाड लावलं. ‘हा’ आला की ‘एत’ हवाच.

वाचनात आणखी तीन जागी पाय अडकतो.

उत्पत्ति २:८ मध्ये देव एदेनमध्ये बाग लावतो, तिथे शब्द आहे ‘वायिता’’. ९:२० मध्ये नोहा द्राक्षमळा लावतो, २१:३३ मध्ये अब्राहाम बेएर-शेवात एशेल, म्हणजे झाऊ, लावतो, सगळीकडे ‘वायिता’’. दिसायला ‘यिता’’, म्हणजे ‘लावील’. पण आधी ‘वा’ जोडून पुढचं अक्षर दुहेरी झालं की प्राचीन कथनात अर्थ होतो ‘आणि त्यानं लावलं’. आज असं कुणी बोलत नाही. पाटीवर चुकूनही हे रूप घेऊ नका.

आज्ञार्थ. यिर्मया २९:५ मध्ये बाबेलातल्या बंदिवानांना सांगितलं आहे, घरं बांधा, राहा, ‘वेनित’ऊ गान्नोत’, बागा लावा आणि त्यांची फळं खा. इथे नून शाबूत आहे. आज बोलताना लोक भविष्यकाळच वापरतात: ‘तिता’ एत्स!’, ‘तित’ऊ एत्सिम!’

अर्थाचा पसारा. स्तोत्र ९४:९ मध्ये ‘कान लावणारा’ म्हणजे कान घडवून बसवणारा, त्याला ‘नोते’आ’ म्हटलं आहे. उपदेशक १२:११ मध्ये घट्ट ठोकलेल्या खिळ्यांना ‘नेतू’ईम’. दानिएल ११:४५ मध्ये तंबू ठोकण्यालाही हाच धातू. म्हणजे मूळ कल्पना ‘खोल रोवणे’ अशी आहे, पानाफुलांची नाही. आजही ‘नाता’ बाहेम तिक्वा’ म्हणजे त्यांच्यात आशा रुजवली. मराठी ‘रुजवणे’ इथे नेमकं बसतं.

लेवीय १९:२३ मध्ये फळझाडांचा नियम आहे, पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही, त्याला ‘ओर्ला’ म्हणतात. चौथ्या वर्षाच्या फळाला ‘नेता’ रेवाई’. हा ‘नेता’’ तोच. पाचव्या वर्षी खायचं.

---

धातुपाठ

चांगली भर. आवाजानं जवळचे आणखी दोन शेजारी सांगतो, कारण नातान ओळखता आला की पुढचे पाय हे दोघे अडवतात.

‘नाता’ हा नून-तेत-हे असाही आहे, अर्थ कलणे, झुकणे. भूतकाळात ‘तो’ला दोन्ही सारखे ऐकू येतात. वर्तमानात फरक: ‘नोते’ (कलतो), ‘नोते’आ’ (लावतो). गंमत नामांची. ‘नेतिया’ म्हणजे कल, आणि व्याकरणात रूपावली. ‘नेती’आ’ म्हणजे वृक्षारोपण. पुस्तकात ‘नेतियात हापो’अल’ असं शीर्षक दिसलं तर ते क्रियापदाच्या रूपांबद्दल आहे, झाडांबद्दल नाही. लिहिताना रूपावलीत दोन योद, वृक्षारोपणात योद आणि आयिन.

दुसरा ‘ता’आ’, चुकणे, तेत-आयिन-हे. ‘चुकायला’ म्हणजे ‘लित’ओत’. भविष्यकाळ ‘तुम्ही’: ‘तित’ऊ’. ‘तुम्ही लावाल’ हेही ‘तित’ऊ’. कानाला एक. लिहिताना स्वरखुणांशिवायच्या पूर्ण लेखनात लावण्याच्या रूपात एक योद जास्त असतो (ताव-योद-तेत-आयिन-वाव), चुकण्याच्या रूपात नसतो (ताव-तेत-आयिन-वाव). कारण तोच: लावण्याच्या रूपात नून विरघळून तेत दुहेरी झाला आहे आणि दुहेरी अक्षराच्या आधीच्या ‘इ’ला योद लिहितात. गेलेल्या नूनची ही जागा आहे असं समजा.

---

अंजीरवाडी

खूप मदत झाली. कर्त्याचं सांगितलंत ते तर आमच्या प्रत्येकाच्या वहीत चुकलेलं होतं. आता पाटीची दोन वाक्यं केली आहेत, तपासाल का?

१. ‘नाता’नू १५ एत्सिम बेपुने.’
२. प्रत्येक झाडाखालच्या छोट्या पट्टीवर: ‘हा’एत्स हाजे निता’’ आणि पुढे वर्ष. म्हणजे ‘हे झाड लावलं गेलं’. पण ‘निता’’ म्हणजे ‘आम्ही लावू’ असं वर आलंय, मग हे चुकतंय का?

आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या तू बिश्वातला झाडं लावतात असं वाचलं. आपण जूनमध्ये लावतोय, तेव्हा पाटीवर त्या सणाचा उल्लेख करू नये ना?

---

कोहेलेत_वाचक

दोन्ही वाक्यं बरोबर. ‘निता’’ला खरंच दोन अर्थ आहेत: ‘आम्ही लावू’, आणि कर्मणी भूतकाळात ‘लावलं गेलं’. स्वरखुणांशिवाय लेखनही एकच. पण आधी ‘हा’एत्स हाजे’ हा कर्ता आला की ‘आम्ही’ला जागाच उरत नाही. अनेक झाडांना मिळून पट्टी असेल तर ‘हा’एत्सिम हा’एले नित’ऊ’. अंजिरासाठी ‘ते’एना’ हा एकटा शब्द कर्ता केलात तर क्रियापद स्त्रीलिंगी होईल. ‘एत्स ते’एना’ म्हटलंत तर ‘एत्स’ पुल्लिंगी, क्रियापद ‘निता’’च. पट्ट्या एकसारख्या ठेवायच्या तर ‘एत्स’नं सुरुवात करा.

वर्षाच्या आधी ‘बिश्नात’ घाला, म्हणजे ‘अमुक साली’ असं नीट जुळतं: ‘हा’एत्स हाजे निता’ बिश्नात’, पुढे आकडे.

सणाचं. तू बिश्वात म्हणजे श्वात महिन्याची १५ तारीख. तेतची किंमत ९, वावची ६, मिळून १५, वाचायला ‘तू’. योद-हे असं १० आणि ५ लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावाची अक्षरं. हा तेत म्हणजे तुमच्या ‘नाता’’मधलाच तेत. ताव की तेत अशी शंका आली की तू बिश्वात आठवा. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू कायद्याच्या जुन्या ग्रंथात, हा झाडांचा वर्षारंभ. तिथल्या दोन गुरुपरंपरांपैकी शम्मायच्या घराण्याच्या मते १ श्वात, हिल्लेलच्या घराण्याच्या मते १५, आणि पाळली जाते ती १५. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणून लागवडही थंडीत. आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजात त्या दिवशी एलियाहू हानावीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावानं पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घालून मलिदा करतात. पुण्यात तेव्हा पाऊस नसतो, पुढे कडक उन्हाळा येतो, रोपाला चार महिने हातानं पाणी घालावं लागेल. जूनच बरोबर. पाठ्यपुस्तकातलं ‘बाखोरेफ नोत’ईम एत्सिम’ (हिवाळ्यात झाडं लावतात) पुण्यात लागू नाही, पण लावणी_लागवड यांचं ‘बे’ओनात हागेशामिम’, म्हणजे पावसाच्या हंगामात, हे वाक्य दोन्हीकडे खरं ठरतं. पाटीवर सण नको.

---

लावणी_लागवड

लागवडीच्या दिवशी प्रत्येक कामाला त्याचं क्रियापद म्हणत गेलात तर गट हे विसरणार नाही. क्रम असा:

‘लाख्पोर बोर’, खड्डा खणणे. झाडाला साधारण २ फूट लांब, रुंद, खोल, म्हणजे ६० (‘शिशिम’) सेंटिमीटर. वरची माती एका बाजूला, खालची दुसरीकडे. भरताना वरची माती कुजलेल्या शेणखतात मिसळून खाली जाते.
‘लेहासिर एत हासाकित’, पिशवी काढणे. ब्लेडनं उभी चिरून, मातीचा गोळा न फोडता. पिशवीसकट लावलं की मुळं आतच गोल फिरतात आणि झाड दोनतीन वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं.
‘लाता’अत’. रोप पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच जमिनीत जावं. खोड खोल पुरलं तर बुंध्याशी कुजतं.
‘लेखासोत बा’अदामा’, मातीनं झाकणे. ‘लेहादेक’, पायानं दाबणे, म्हणजे आत पोकळी राहत नाही.
‘लेहाश्कोत’, पाणी घालणे. पाऊस असला तरी पहिलं पाणी हातानं, माती बसावी म्हणून.

यात एक बारकावा. ‘लेहासिर’ आणि ‘लेहाश्कोत’ मधला ‘हा’ हा हिफ’ईल या क्रियापद-साच्याचा आहे. ‘लेहादेक’ मधला ‘हा’ मात्र धातूचाच (हे-दालेत-कोफ) आणि साचा पि’एल. दिसायला सारखे, म्हणून रूपं करताना चुकतात.

---

पाटी_रंगारी

छपाईबद्दल, कारण भाषा अचूक असूनही पाटी इथेच बिघडते.

हिब्रू उजवीकडून डावीकडे. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरांचा क्रम उलटतो, आणि ज्याला लिपी येत नाही त्याला ते कळत नाही. तपासायची सोपी खूण: ‘एत्सिम’ शब्दात शेवटचा मेम चौकटीसारखा पूर्ण बंद असतो. तो शब्दाच्या डाव्या टोकाला हवा. उजव्या टोकाला दिसला तर शब्द उलटा आहे. छोट्या पट्टीवर ‘एत्स’मधला अंत्य त्सादी बघा, त्याची शेपटी ओळीच्या खाली उतरते, तोही डावीकडेच हवा.

उलटा मजकूर कुणी हातानं एकेक अक्षर फिरवून दुरुस्त करायला लागलं तर १५ चे ५१ होतात. आकडे हिब्रूतही डावीकडून उजवीकडेच वाचतात, त्यांना हात लावायचा नाही.

‘नाता’नू’ची अक्षरं उजवीकडून: नून, तेत, आयिन, नून, वाव. तेत वरून उघडा असतो. ठळक टाइपात ती फट बुजली की तो मेमसारखा दिसतो. म्हणून फार जाड टाइप घेऊ नका. आयिन आणि त्सादी ‘एत्सिम’मध्ये शेजारी येतात, बारीक आकारात ते एकमेकांत मिसळतात, अक्षरांमध्ये थोडी मोकळीक ठेवा. ‘बेपुने’ एकच शब्द आहे: बेत, पे, वाव, नून, हे, बेतनंतर जागा सोडायची नाही.

उलटं न होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मजकूर बसवून, कर्व्ह करून (अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) पीडीएफ द्या, म्हणजे छापखान्यात टाइप बदलला तरी अक्षरं हलणार नाहीत. आणि फ्लेक्स किंवा पत्रा निघायच्या आधी कागदावर एक प्रूफ मागा. ते मोबाइलवर नाही, कागदावरच, वरच्या अक्षरांच्या यादीशी एकेक अक्षर जुळवून बघा.